पंचेचाळीस सेंटिमीटर

वडिलांनी विमानाचे पंख
दोन्ही टोकांना हातहातभर वाढवायचे ठरवले
तेव्हा जून होता, मॅनिओटोटोच्या पठारावर
नळ फुटतील अशी थंडी,
मेंढ्यांच्या पाठीवरचं दहिवर दहा वाजले तरी कडक.

हातभर म्हणजे पंचेचाळीस सेंटिमीटर.
वडील हातभर म्हणत नाहीत.

विमान त्यांनीच बांधलेलं,
खोक्यांतून आलेल्या सुट्या पत्र्यांचं. अकरा हिवाळे.
तेव्हा माझा हात पंखाच्या पोटातल्या भोकातून
कोपरापर्यंत सहज जायचा.
ते बाहेरून रिव्हेट ठोकायचे,
मी आत लोखंडाचा ठोकळा दाबून धरायचे,
दातांत झिणझिण्या येईपर्यंत.
हजारो रिव्हेटांत एक वाकडी आहे, ती माझी.
शिंक आली होती.

आता तो हात जात नाही.
आता टाविश धरतो ठोकळा, शाळेतून आल्यावर.
आजोबांशी तो फक्त आकड्यांत बोलतो.

कशाला वाढवायचे, मी विचारलं.
म्हणाले, धावपट्टी आखूड आहे.
धावपट्टी तीस वर्षं तेवढीच आहे.
म्हणाले, उन्हाळ्यात हवा पातळ होते.
हवाही काल पातळ झालेली नाही.
मी पुढे बोलले नाही, कारण मार्चमध्ये
पुढच्या चाकाचा दांडा वाकला, तेव्हा
कुंपणाशी मीच उभी होते.
आधी जमीन आली.
मग त्यांचा हात आला.

लांब पंखाचं विमान सावकाश उतरतं.
चव्वेचाळीस नॉटला जे हवेतून गळायचं
ते एक्केचाळीसपर्यंत धरून राहील.
तीन नॉट.
पायी चालणाऱ्याचा वेग.
तेवढ्यासाठी चार महिने.

आणि फुकट काही नाही.
टेबलावर पेन्सिलीने ते मांडत होते:
वाढवायचं टोक, ताण मात्र मुळाशी,
जिथे पंख धडाला धरून असतो.
टोकाला त्यातलं काही कळत नाही.
मग खोडरबर घेतलं,
कमाल वेगातले पंधरा नॉट पुसले
आणि कमाल वजनातले चाळीस किलो.
"चाळीस किलो म्हणजे कोण?" आईने चहा ओतता ओतता विचारलं.
"सामान," ते म्हणाले.
वर न बघता.

शेवटचा स्क्रू बसला आणि लक्षात आलं:
हँगरचं दार पावणेनऊ मीटर,
विमान नऊ मीटर दहा.
एकेक मिलिमीटर मोजणारा माणूस,
दार मोजायचं राहून गेलं.
शेजारचा विरेमू आला, हसू आवरत,
आणि आम्ही सगळ्यांनी मिळून ते बाहेर काढलं,
आधी डावा पंख, मग शेपूट तिरकी, मग उजवा,
जिन्यातून सोफा काढावा तसं.
रोज असंच काढायचं का, टाविशने विचारलं.
रोज, वडील म्हणाले. खूश होते.

ऑक्टोबरात, वायव्येचा वारा पडलेला बघून,
ते एकटेच वर गेले.
वळणं जड घेत होतं विमान,
म्हातारा बैल बांध चढताना घेतो तशी.
मग उतरायला आले, आणि
विमान उतरेना.
गवतावर वीतभर उंचीवर तरंगत राहिलं,
अर्धी पट्टी गेली, पाऊण गेली,
विरेमूने टोपी काढली, मेंढ्यांनी माना वळवल्या,
नव्या पंखांना जमीन सोडवत होती
पण हवा सोडवत नव्हती.
कुंपण चार पावलांवर असताना
ते थांबले.

इंजिन बंद झालं. बराच वेळ
कॉकपिटचं झाकण उघडलं नाही.
मग आतून आवाज आला,
"बघ, आखूडच आहे."

जुनी दोन टोकं फेकवली नाहीत कुणाला.
डावं टाविशच्या पलंगाखाली.
उजव्यात, हिरव्या दिव्याच्या काचेला पाठ टेकवून,
आईची एक तांबडी कोंबडी बसते.
तिला जागा पुरते.